काळ्या चौकटीतला इशारा

तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी किती परिपत्रके लिहिली असतील याची मोजदाद कधी केली नाही. परिपत्रक लिहिणाऱ्याला एक वेगळेच समाधान मिळते. वाक्य नेमके झाले, अपवादाला जागा ठेवली नाही, खालच्या कार्यालयाला शंका काढायला वाव उरला नाही, की आपले काम चोख झाले असे वाटू लागते. हे समाधान किती फसवे असू शकते याचा धडा मला माझ्या खात्यात मिळाला नाही. तो मिळाला एका औषधाच्या इतिहासातून, आणि त्या इतिहासाकडे मी वळलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. सोलापूरला असते. १९९८ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, शस्त्रक्रिया करून तिचे गर्भाशय काढावे लागले आणि त्याबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला त्रास सुरू झाला. अंगातून अचानक गरम वाफा जात, रात्री घामाने चिंब होऊन जाग येई, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनची रोज एक गोळी सुरू केली आणि दोन-तीन महिन्यांत ताई पुन्हा पूर्वीसारखी हसू-बोलू लागली.

जुलै २००२ मध्ये मी दिल्लीत होतो. एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी वाचली की, अमेरिकेत संप्रेरकांच्या गोळ्यांवर चाललेली एक प्रचंड चाचणी मध्येच थांबवली असून या गोळ्यांनी स्तनांचा कर्करोग आणि हृदयविकार वाढतो असे आढळले आहे. त्याच संध्याकाळी मी सोलापूरला फोन लावला. म्हटले, "ताई, त्या गोळ्या आजपासून बंद कर." ती म्हणाली, "डॉक्टरांना एकदा विचारते रे." मी म्हणालो, "विचारायचे काय त्यात? अमेरिकेच्या सरकारी संस्थेनेच जाहीर केले आहे." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं. तू सरकारात आहेस, तुला कळतच असेल." गोळ्या बंद झाल्या.

२०१४ साली ताई अंगणात घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. हाडांची तपासणी झाली तेव्हा ती वयाच्या मानाने बरीच ठिसूळ झाल्याचे दिसले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "इतक्या लवकर बीजांडकोश काढल्यावर इस्ट्रोजेन घेतले नव्हते का?" ताई म्हणाली, "चार वर्षे घेतले, मग भावाने बंद करायला सांगितले." हा संवाद तिने मला फोनवर हसत हसत सांगितला. मला मात्र हसता आले नाही. एका मनगटावरून निष्कर्ष काढणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभत नाही, आणि गोळी चालू असती तर हाड मोडलेच नसते असे मी म्हणत नाही. पण मी तिला जो हुकूम सोडला तो कोणत्या आधारावर, हे तपासणे माझे कर्तव्य होते. ते मी बारा वर्षे उशिरा केले. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडतो.

स्त्रीच्या शरीरात बीजांडकोशांतून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक शुद्ध रूपात प्रथम वेगळे केले गेले ते १९२९ साली. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट या दोघांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे साधले, आणि दोघांचाही कच्चा माल एकच होता, गर्भवती स्त्रियांचे मूत्र. पण माणसांपासून असा कच्चा माल गोळा करून कारखाना चालणे कठीण. म्हणून पुढे गाभण घोड्यांच्या मूत्राकडे लक्ष गेले, कारण त्यात इस्ट्रोजेन विपुल असते. कॅनडातील एअर्स्ट कंपनीने त्यापासून तयार केलेली गोळी १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. तिचे नाव प्रेमारिन. 'प्रेग्नंट', 'मेअर्स' आणि 'युरीन' या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून ते नाव बनले आहे. नाव बनवणाऱ्यांनी काहीच लपवले नव्हते, पण ते उलगडून पाहणारे फार थोडे निघाले.

त्याच सुमारास एक प्रतिस्पर्धीही आला होता. १९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी इस्ट्रोजेनसारखे काम करणारे स्टिलबेस्ट्रॉल हे रसायन प्रयोगशाळेत तयार केले. संशोधन सार्वजनिक पैशातून झालेले असल्याने त्याचे पेटंट घेतले गेले नाही, आणि स्वस्त व पेटंटमुक्त औषध दिसताच अमेरिकेतील अनेक कंपन्या परवानगीसाठी रांगेत उभ्या राहिल्या.

येथे प्रशासनाचा प्रवेश होतो. १९३७ साली सल्फानिलमाइडच्या एका विषारी पातळ औषधाने अमेरिकेत १०० हून अधिक माणसे, त्यांत अनेक मुले, दगावली होती. त्या धक्क्यातून १९३८चा कायदा झाला आणि नवे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे अन्न व औषध प्रशासनाला पटवून देणे बंधनकारक झाले. मात्र औषध गुणकारी आहे हे सिद्ध करण्याची अट त्या कायद्यात नव्हती; ती यायला १९६२ साल उजाडले. स्टिलबेस्ट्रॉलला १९४१ मध्ये रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी परवानगी मिळाली. पुढे गर्भपात टळावा म्हणून ते लाखो गर्भवतींना दिले गेले. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील चाचणीने त्याचा असा काही उपयोग होत नसल्याचे दाखवले, तरी वापर चालूच राहिला. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, ज्या मातांनी गरोदरपणी हे औषध घेतले त्यांच्या तरुण मुलींना योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग होतो आहे. निरुपयोगी ठरल्यानंतरही अठरा वर्षे एक औषध लिहून दिले जात होते. एकदा दिलेली परवानगी फिरून तपासण्याची सवय नसली की काय होते याचे यापेक्षा विदारक उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रेमारिनचे नशीब मात्र उजळत गेले. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनाइन फॉरएव्हर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हातोहात खपले. रजोनिवृत्ती हा निसर्गक्रम नसून इस्ट्रोजेनच्या अभावाचा रोग आहे, आणि मधुमेहाला जसे इन्सुलिन तसे या रोगाला इस्ट्रोजेन, असा त्यांचा सिद्धांत होता. वाढत्या वयाची स्त्री घरच्यांना कशी नकोशी होते याची त्यांनी केलेली वर्णने आज वाचवत नाहीत. त्यांच्या प्रतिष्ठानाला औषध कंपन्यांचे आर्थिक पाठबळ होते हे नंतर उघड झाले. पण पुस्तक चालले ते केवळ कंपन्यांच्या पैशामुळे, असे मानणे अन्यायाचे होईल. स्त्रियांचा त्रास खरा होता, त्यावर गोळीने मिळणारा आराम खरा होता, आणि त्या त्रासाबद्दल उघड बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

४ डिसेंबर १९७५ रोजी एका नामवंत अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र अभ्यास छापून आले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सिएटलच्या अभ्यासात सुमारे साडेचार पट, तर लॉस एंजेलिसच्या अभ्यासात सुमारे साडेसात पट अधिक आढळला होता. अन्न व औषध प्रशासनाने ठरवले की आता केवळ डॉक्टरांना कळवून भागणार नाही, तर गोळीच्या प्रत्येक पाकिटात रुग्ण स्त्रीला समजेल अशा भाषेतील माहितीपत्रक घालायचे. गर्भनिरोधक गोळ्यांच्या बाबतीत असे पत्रक १९७० च्या सिनेट सुनावणीनंतर सुरू झालेच होते. इस्ट्रोजेनसाठीचा नियम १९७७ साली निघाला आणि लगेच न्यायालयात गेला. औषध उत्पादकांच्या संघटनेबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही त्याविरुद्ध उभी राहिली. रुग्णाला परस्पर माहिती देणे म्हणजे वैद्यकीय व्यवसायात सरकारची ढवळाढवळ, असा त्यांचा आक्षेप होता. १९८० मध्ये डेलावेअरच्या संघीय न्यायालयाने नियम वैध ठरवला. जी गोळी मी गिळणार आहे तिचे धोके मला कळले पाहिजेत, ही आज साधी वाटणारी गोष्ट न्यायालयात लढून मिळवावी लागली. आपल्याकडे माहितीचा अधिकार यायला २००५ साल उजाडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लढ्याचे मोल कळते.

अस्तराच्या कर्करोगावर डॉक्टरांनी तोडगा काढला. इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक दिले तर अस्तर सुरक्षित राहते. तेव्हापासून दोन वाटा झाल्या. ज्या स्त्रीचे गर्भाशय शाबूत आहे तिला दोन संप्रेरकांचे मिश्रण द्यायचे, आणि जिचे काढले आहे तिला एकटे इस्ट्रोजेन. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे.

१९८०च्या दशकात गोळी पुन्हा वर आली. १९८६ साली अमेरिकन प्रशासनाने हाडांची झीज रोखण्यासाठी ती उपयुक्त असल्याचे मान्य केले. त्यातच हजारो परिचारिकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्या एका अभ्यासात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना हृदयविकार जवळजवळ निम्माच होतो असे दिसले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेसे वाटते. ज्या स्त्रिया हौसेने अशी गोळी घेतात त्या बहुधा अधिक शिकलेल्या, अधिक सधन, प्रकृतीची काळजी घेणाऱ्या असतात. मग हृदय निरोगी राहिले ते गोळीमुळे की त्या मुळातच निरोगी होत्या म्हणून? शिकवणीला जाणाऱ्या मुलांना गुण अधिक मिळतात यावरून शिकवणी चांगली असे ठरत नाही, तसाच हा प्रश्न. १९९० मध्ये हृदयरोगाच्या प्रतिबंधासाठी प्रेमारिनला मान्यता द्यावी असे सल्लागार समितीचे मत पडले. स्त्रियांच्या आरोग्यासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांनी मात्र आग्रह धरला की आधी नीट चाचणी करा. अंतिम मान्यता दिली गेली नाही, तरी डॉक्टर हृदयासाठी म्हणून ती गोळी लिहून देतच राहिले.

१९९१ साली बर्नाडाइन हीली या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन महालेखा कार्यालयाने संसदेपुढे दाखवून दिले होते की, वैद्यकीय संशोधनात स्त्रियांना सामील करून घेण्याचे धोरण कागदावरच राहिले आहे. हीली यांनी 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा प्रचंड प्रकल्प हाती घेतला. ५० ते ७९ वयाच्या १,६१,८०८ स्त्रिया त्यात सामील झाल्या. त्यांतील २७,३४७ जणी संप्रेरकांच्या चाचणीत होत्या. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना मिश्रणाची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांपैकी निम्म्यांना एकटे इस्ट्रोजेन आणि निम्म्यांना निरुपद्रवी गोळी. कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरलेले. परिचारिकांच्या अभ्यासातील ती शंका दूर करण्याचा हाच खरा मार्ग होता.

९ जुलै २००२ रोजी जाहीर झाले की मिश्रणाची चाचणी सरासरी ५.२ वर्षांनंतर, ठरलेल्या मुदतीआधीच थांबवली आहे. स्तनांच्या कर्करोगात २६ टक्के, हृदयविकारात २९ टक्के, पक्षाघातात ४१ टक्के वाढ, असे आकडे जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. आकडे खरे होते. पण त्याच अहवालात तेच आकडे दुसऱ्या रीतीनेही दिले होते. १०,००० स्त्रियांनी वर्षभर गोळी घेतली तर स्तनांच्या कर्करोगाचे ३० ऐवजी ३८ रुग्ण, म्हणजे ८ अधिक. हृदयविकाराचे ७ अधिक, पक्षाघाताचे ८ अधिक, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ अधिक. उलट बाजूला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ कमी आणि खुब्याच्या अस्थिभंगाचे ५ कमी. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. निरोगी स्त्रीला प्रतिबंधासाठी म्हणून आयुष्यभर देण्याजोगे हे औषध नाही, एवढा निष्कर्ष त्यातून निःसंशय निघत होता. तो महत्त्वाचा होता आणि तो काढण्यासाठीच चाचणी होती.

परंतु दोन गोष्टी मथळ्यांत आल्या नाहीत. पहिली, चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीतल्या स्त्रिया जेमतेम एक तृतीयांश, आणि बहुतेकींची रजोनिवृत्ती होऊन बरीच वर्षे लोटलेली. वाफा-घामांनी त्रासलेली ५० वर्षांची स्त्री, जिच्यासाठी हे औषध मुळात होते, ती या सरासरीत जवळजवळ हरवली होती. दुसरी, थांबलेली चाचणी मिश्रणाची होती. एकट्या इस्ट्रोजेनची चाचणी तेव्हा चालूच होती आणि तिच्याबद्दल अहवालात काहीही निष्कर्ष नव्हता.

बीजांडकोश ४२व्या वर्षी गमावलेली, केवळ इस्ट्रोजेन घेणारी, ४६ वर्षांची माझी ताई या अहवालात कोठेच नव्हती. तरीही मी तो अहवाल तिच्यावर लागू केला. मी काही एकटा नव्हतो. अमेरिकेत १९९९ साली या औषधांच्या ९ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या. २००३ मध्ये तो वेग ५.७ कोटींवर आला. मिश्रणाच्या प्रमुख गोळीची विक्री दोन तृतीयांशाने घटली हे समजण्यासारखे आहे. पण जिच्यावरचा निकाल अजून लागायचा होता त्या प्रेमारिनच्या चिठ्ठ्याही एक तृतीयांशाने घटल्या.

जानेवारी २००३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने आपले सर्वांत कडक हत्यार उचलले. माहितीपत्रकाच्या माथ्यावर काळ्या चौकटीत छापायचा इशारा. तो केवळ त्या एका मिश्रणासाठी नव्हता, तर इस्ट्रोजेन असलेल्या सर्व औषधांसाठी होता. मिश्रणाची गोळी, एकट्या इस्ट्रोजेनची गोळी, कातडीला चिकटवायची पट्टी, इतकेच नव्हे तर योनिमार्गाच्या कोरडेपणासाठी अल्प प्रमाणात लावायचे मलम, ज्यातले औषध रक्तात नाममात्रच उतरते, त्यावरही तीच चौकट. दुसरा पुरावा येईपर्यंत सर्वांना सारखाच धोका धरावा, हा त्यामागचा विचार. या निर्णयाची टिप्पणी मला सहज डोळ्यांपुढे आणता येते, कारण तशा टिप्पण्या मी स्वतः लिहिल्या आहेत. सावधगिरीच्या बाजूने चुकणे अधिकाऱ्याला नेहमी सुरक्षित वाटते. औषधाने कोणी दगावले तर चौकशी होते. औषध न मिळाल्याने कोणाचे हाड मोडले, कोणाची झोप वर्षानुवर्षे गेली, तर त्याची फाईल कोठेच उघडत नाही.

२००४ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनची चाचणीही थांबवली गेली. १०,००० स्त्रियांमागे वर्षाला पक्षाघाताचे १२ रुग्ण अधिक, खुब्याचे अस्थिभंग ६ कमी, हृदयविकारात फरक नाही, आणि स्तनांचा कर्करोग वाढण्याऐवजी ७ ने कमी. पुढच्या दीर्घ पाठपुराव्यात ही घट पक्की ठरली. २००७ मध्ये त्याच संशोधकांनी वयानुसार आकडे वेगळे करून पाहिले तेव्हा हृदयाचा धोका मुख्यतः रजोनिवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी औषध सुरू करणाऱ्यांत दिसला. २०१७ मध्ये १८ वर्षांच्या पाठपुराव्याचा हिशेब आला. संप्रेरके घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत एकूण मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत, इतर काही अडचण नसलेल्या त्रस्त स्त्रीला या औषधाचे फायदे बहुधा तोट्यांहून अधिक, असे तज्ज्ञ संघटनांचे मत होत गेले. पत्रकावरची चौकट मात्र जागची हलली नाही.

या साऱ्याचा जमाखर्च मांडण्याचे दोन प्रयत्न माझ्या वाचनात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार, मिश्रणाच्या चाचणीवर सुमारे २६ कोटी डॉलर खर्च झाले आणि तिच्या निष्कर्षांमुळे दहा वर्षांत स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १,२६,००० आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे ७६,००० रुग्ण टळले. अस्थिभंग मात्र २,६३,००० ने वाढले. सारे जमेस धरून समाजाला झालेला निव्वळ लाभ ३,७१० कोटी डॉलर. सरकारी पैशाचा इतका चांगला विनियोग विरळाच. २०१३ सालचा दुसरा हिशेब गर्भाशय काढलेल्या, ५० ते ५९ वयाच्या स्त्रियांचा. इस्ट्रोजेन टाळल्यामुळे दहा वर्षांत अशा किमान १८,६०१ आणि कदाचित ९१,६१० पर्यंत स्त्रियांचे अकाली मृत्यू झाले असावेत, असा त्याचा अंदाज. दोन्ही हिशेब गृहीतकांवर उभे आहेत आणि दोहोंवर वाद आहेत. मला त्यांत दिसते ते हे की, एकाच इशाऱ्याच्या एका खात्यावर मोठी जमा आणि दुसऱ्या खात्यावर मोठा खर्च पडू शकतो. ज्यांना इशारा लागू होता त्यांना तो तारक ठरला. ज्यांना तो लागू नव्हता त्यांनाही तो बजावला गेला, आणि त्यांचे नुकसान जमेच्या बेरजेत झाकून गेले.

१० नोव्हेंबर २०२५ रोजी अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकट काढण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले. एकट्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा तेवढा ठेवायचा. अल्प मात्रेच्या मलमावरची चौकट जावी ही मागणी जुनी आणि रास्त होती. पण त्याच घोषणेत हृदयविकार आणि स्मृतिभ्रंश टळण्याविषयी जे मोठे दावे केले गेले ते ऐकून मला १९६६ सालच्या पुस्तकाची आठवण झाली. औपचारिक सल्लागार समितीची नेहमीची वाट न घेता हा निर्णय झाला, अशी टीकाही झाली. लंबक पुन्हा हलला आहे; तो मध्ये थांबेल की दुसऱ्या टोकाला जाईल, हे पुढच्यांना दिसेल.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी, साधारण ४६-४७ व्या वर्षी होते. त्यातून तरुण वयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आंध्र प्रदेश, तेलंगण आणि बिहार या राज्यांत त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच अधिक दिसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा शासनाच्या समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणे अगत्याचे आहेच. पण ज्यांची झाली आहे, आणि त्यातही ज्यांचे बीजांडकोश गेले आहेत, त्यांचे पुढे काय? अशा स्त्रीला काही प्रतिबंध नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन सांगते. तिशीत फडावर मोळ्या वाहणाऱ्या बाईची हाडे पन्नाशीत कशी असतील, याचा विचार आपल्या चर्चेत मला क्वचितच आढळला. अमेरिकेत निदान इशारा देऊन मग वाद झाला. आपल्याकडे त्या बाईला इशाराही नाही आणि औषधही नाही.

माझ्या क्षेत्रातल्या तरुण सहकाऱ्यांसाठी या इतिहासातून तीन गोष्टी मी बाजूला काढून ठेवल्या आहेत. एक, ज्या पुराव्यावर आदेश उभा आहे तो पुरावा ज्यांच्याविषयी आहे आणि आदेश ज्यांना लागू होणार आहे, ती माणसे एकच आहेत का, हे सही करण्याआधी पाहावे. दोन, परवानगीला जशी फेरतपासणीची तारीख हवी तशीच मनाईलाही हवी. स्टिलबेस्ट्रॉलची परवानगी अठरा वर्षे आणि मलमावरची चौकट बावीस वर्षे चालत राहिली, ती कोणी वाईट होते म्हणून नव्हे, तर ती फाईल पुन्हा काढण्याची वेळ कोणी ठरवून ठेवली नव्हती म्हणून. तीन, टक्केवारी लिहिताना त्याखाली माणसांची संख्याही लिहावी. २६ टक्के आणि दहा हजारांत ८ ही एकाच सत्याची दोन रूपे आहेत, पण पहिले ऐकून माणूस पळतो आणि दुसरे ऐकून विचार करतो.

नोव्हेंबरमधली ती बातमी सोलापूरच्या वर्तमानपत्रातही आली असावी. ताईचा फोन आला. ती आता ६९ वर्षांची आहे. म्हणाली, "अरे, त्या गोळ्यांवरचा इशारा काढताहेत म्हणे. मग आता पुन्हा सुरू करू का?" साठीनंतर इतक्या वर्षांच्या खंडाने हे औषध सुरू करण्यात पक्षाघाताचा आणि हृदयाचा धोका अधिक असतो, आणि हाडांसाठी आज दुसरी औषधे आहेत, एवढे आता मला ठाऊक होते. पण मी ते सांगितले नाही. म्हटले, "ताई, डॉक्टरांना विचार." ती हसली. म्हणाली, "हे तू तेव्हा म्हणायला हवं होतंस."